प्रत्येक 'मोठा' म्हणजे 'बिग' नव्हे

'मोठा' दिसला की लगेच 'बिग' लावू नका, आधी पुढचं नाम बघा. मोठा पाऊस म्हणजे 'हेवी रेन', मोठा आवाज म्हणजे 'लाउड व्हॉइस'. शब्द सुटा पाठ न करता असा नामासकट वहीत उतरवा. संख्या किंवा प्रमाण सांगायचं तर 'लार्ज': 'अ लार्ज नंबर ऑफ पीपल'. तिथे 'बिग' कानाला खटकतं. शर्टाच्या लेबलावरही 'लार्ज'च असतं. चूक, निर्णय, फरक यांना मात्र 'बिग' झकास बसतं: 'अ बिग मिस्टेक'. 'ग्रेट' शक्यतो थोरवीसाठी ठेवा. मोठा भाऊ बोलताना 'बिग ब्रदर' चालेल, पण अर्जात 'एल्डर ब्रदर'च लिहा. आणि 'बिगर', 'बिगेस्ट' लिहिताना 'जी' दोनदा येतो; तो एक हमखास सुटतो.