वाचकांचे प्रश्न : रेडिएटरची जाळी घरी बसवताना

प्रश्न : माझी यामाहा आर१५ रोज पुणे-सातारा रस्त्यावर धावते. खडीच्या डंपरमागून जाता-येता रेडिएटरच्या फिन्स (हवेने थंड होणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) ठिकठिकाणी चेपल्या आहेत. तयार जाळी विकत आणली, पण पाकिटात माहितीचा कागदच नाही. ती घरी बसवता येईल का?

उत्तर : येईल. पहिल्या खेपेला दोन-अडीच तास धरा. त्यातला बराच वेळ फेअरिंग, म्हणजे बाजूचे प्लॅस्टिकचे आवरण, काढण्या-लावण्यात जातो.

हत्यारांना हात लावण्याआधी एक मोजमाप करून ठेवा. गाडी अर्धा तास चालवून आणा, उघड्यावर उभी करून इंजिन चालूच ठेवा. रेडिएटरचा फॅन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत किती सेकंद गेले ते दोन-तीनदा मोजा आणि लिहून ठेवा. मीटरवर फक्त इशाऱ्याचा दिवा असेल, तर हा एवढाच आकडा तुमच्या हाती असतो. तो नसला, तर नंतर गाडी तापते ती जाळीमुळे की उन्हामुळे, यावर नुसता वाद घालत बसाल.

आता इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. निदान दोन-तीन तास. रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही, या कामात त्याची गरजच पडत नाही. गाडी सपाट जागी पॅडॉक स्टँडवर (मागचे चाक उचलून गाडी सरळ उभी धरणाऱ्या स्टँडवर) घ्या. बाजूच्या फेअरिंगचे अ‍ॅलन बोल्ट काढताना पुठ्ठ्यावर फेअरिंगचे चित्र काढा आणि बोल्ट ज्या जागेचा असेल त्या जागी टोचून ठेवा. दिसायला ते सारखे असतात, पण लांबी वेगळी असते. लांब बोल्ट आखूड जागी गेला की आतल्या वायरला किंवा नळीला टोचतो. प्लॅस्टिकची पिन असेल तर तिची मधली टिकली हलकेच आत दाबा, मग पिन ओढा. फेअरिंग सुटली की झटक्याने खेचू नका, इंडिकेटरची वायर अजून जोडलेली असते.

उघडा रेडिएटर दिसला की आधी तो स्वच्छ करा. साधा पाण्याचा पाइप, कमी जोर, आणि धार मागून पुढे. चेपलेल्या फिन्स दंतकोरणीने किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने एकेक सरळ करा. स्क्रू ड्रायव्हर नको, फिन्सच्या मध्ये कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) चपटी नळी असते आणि तिची भिंत फार पातळ असते. थोड्या फिन्स वाकड्या राहिल्या तरी बिघडत नाही.

मग मुख्य काम. बहुतेक जाळ्या रेडिएटरच्याच बोल्टवर बसतात. हे बोल्ट एका वेळी एकच काढा. सगळे सोडलेत तर रेडिएटरचे वजन नळ्यांवर येते. बोल्ट निघाला की त्या कानाचे, म्हणजे बोल्ट जातो त्या रेडिएटरच्या पट्टीचे, रबर नीट पाहा. त्याच्या आत धातूचा छोटा बुश (पोकळ नळीचा तुकडा) असतो. तो घरंगळून पडतो आणि बऱ्याचदा कुणाच्या लक्षातही येत नाही. बुश नसेल तर बोल्ट आवळताना रबर चेपून चपाती होते, रेडिएटर फ्रेमला घट्ट आवळला जातो आणि काही महिन्यांच्या थरथरीने कान तडकतो. मग दोष जाळीला दिला जातो.

जाळीची पट्टी २ मिमी जाड असेल, तर जुना बोल्ट आट्यांत २ मिमी कमी जाणार. ६ मिमी व्यासाचा बोल्ट ॲल्युमिनिअममध्ये निदान ९ मिमी आत गेला पाहिजे. कमी पडत असेल तर तेवढाच लांब बोल्ट घ्या, पण पलीकडे कशाला टेकत नाही ना ते पाहून. सुरुवातीचे आटे हाताने फिरवा, नंतर छोट्या पान्याने आवळा. टॉर्क पाना असेल तर ७ ते १० न्यूटन-मीटर पुरे. लांब दांड्याचा पाना वापरलात की आटे मेलेच म्हणून समजा.

जाळी आणि फिन्स यांत चारही कोपऱ्यांत ३ ते ५ मिमी फट हवी. मध्यभागी बोटाने दाबून पाहा, जाळी फिन्सना टेकता कामा नये. टेकत असेल तर कडेच्या चौकटीवर फोमची पट्टी लावा, फिन्सवर नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, पुढचा ब्रेक धरून फोर्क (पुढचे शॉकअप) जोरात दाबा. चाक, मडगार्ड, नळ्या, फॅनची वायर यांना जाळी कुठेही लागायला नको. सगळे जोडल्यावर फॅनचे सेकंद पुन्हा मोजा, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी. १०० किमीनंतर बोल्ट एकदा तपासा.

प्रश्न : हार्डवेअरच्या दुकानातली जाळी कापून केबल टायने बांधली तर?

उत्तर : टाय नको. साधे नायलॉनचे टाय साधारण ८५ अंशांपर्यंत टिकतात आणि कुलंट त्याहून गरम होते. टाय कडक होऊन तुटतो, सुटलेली जाळी पुढच्या चाकात जाऊ शकते. शिवाय हलणारी तार फिन्सवर करवतीसारखी घासते.

जाळीचे म्हणाल, तर छिद्र ३ मिमी आणि तार १ मिमी असेल तर हवेला ५६ टक्केच वाट राहते. छिद्र ६ मिमी केले की ती ७३ टक्के होते. ५-६ मिमी ठीक. मच्छरदाणीची जाळी हिशेबात मोकळी दिसते, पण एका पावसाळी फेरीत चिखलाने लिंपून जाते.

प्रश्न : जाळी बसवल्यापासून तापमानाचा काटा वर जातो. काढून टाकू का?

उत्तर : आधी तो कधी चढतो ते पाहा. सिग्नलवर चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर संशय फॅनवर. कदाचित फेअरिंग लावताना त्याचा प्लग जोडायचा राहिला असेल. वेगात असतानाही चढतो, तर हवा अडते आहे : जाळी बारीक आहे किंवा मागे चिखल साचला आहे. गाडी थंड असताना राखीव टाकीतली कुलंटची पातळीही दोन खुणांच्या मध्ये आहे का ते बघा.

प्रश्न : रत्नागिरीत राहतो. स्टीलची जाळी चालेल?

उत्तर : चालेल, पण स्टील थेट ॲल्युमिनिअमला लागले आणि वर खारी हवा असली की ॲल्युमिनिअम झिजते, पांढरी भुकटी दिसू लागते. जोडावर नायलॉनचे वॉशर घाला आणि गोड्या पाण्याने वरचेवर धुवा. वॉशिंग सेंटरची जोरदार धार मात्र रेडिएटरवर मारू देऊ नका. जाळीतूनही ती फिन्स झोपवते.