बॉक्स घेण्याआधी आपल्या फायली बघा

घरचे व्हिडिओ टीव्हीवर बघायला टीव्हीला जोडायचा कुठला बॉक्स घेऊ, हे विचारण्याआधी ते व्हिडिओ कुठल्या प्रकारच्या फायलींत आहेत ते बघा. मोबाइलवरचे असतील तर बहुतेक एमपी४. त्यांचं सहसा कुठेही भागतं. खरी गोची जुन्या लग्नाच्या डीव्हीडी आणि हँडीकॅमच्या एमटीएस फायलींची. माझा पहिला बॉक्स मी स्वस्तात उचलला. चित्र झकास, पण मंगलाष्टकं मुकी! फाइलमधला डॉल्बी पद्धतीने साठवलेला आवाज त्याला उलगडतच नव्हता. म्हणून कोडी किंवा व्हीएलसी ही व्हिडिओ चालवणारी अ‍ॅप्स टाकता येतील असाच बॉक्स घ्या. दोन्ही फुकट आहेत आणि जवळपास काहीही चालवतात.

हार्डडिस्क थेट लावायची असेल तर नेहमीचा मोठा यूएसबी पोर्ट हवा. टीव्हीत थेट खोचायच्या छोट्या स्टिकला तो सहसा नसतो. डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर बसत नाही, आणि एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीची डिस्क प्रत्येक बॉक्स वाचेलच असं नाही.

दुकानात जाताना तुमची सगळ्यात त्रासदायक फाइल पेनड्राइव्हवर न्या आणि तिथेच लावून बघा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. ४के-बिकेसाठी जास्तीचे पैसे मात्र घालू नका; आपल्याकडच्या लग्नाच्या डीव्हीडीचं चित्र ५७६ ओळींचंच असतं.