दार लावायला खोलीच नाही

"ताई, प्रार्थनेला बसलं की झोप येते, आणि झोपायला गेलं की प्रार्थना राहिली म्हणून झोप येत नाही."

दवाखान्यात सिस्टर असलेल्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत हे सांगितलं, आणि सांगताना स्वतःच हसल्या. (परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) पुण्यात दोन खोल्यांचं घर, सासूबाई, नवरा, दोन मुलं, मध्येच नाईट ड्यूटी. प्रार्थनेविषयी बोलायला माझ्याकडे येणाऱ्यांकडून वेळ मिळत नाही ही तक्रार मी नेहमीच ऐकते. हिचं प्रकरण पुढे गेलं होतं. नीट प्रार्थना होत नाही म्हणून तिने प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत घेतात ती भाकर आणि द्राक्षरस, घेणंसुद्धा सोडलं होतं.

माझी चूक आधी सांगते. मी तिला बायबलमधलं मार्क 1:35 काढून दिलं, येशू मोठ्या पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेला ते, आणि म्हटलं, पाचचा गजर लावून बघा. चार दिवस जमलं. पाचव्या दिवशी पलंगाच्या कडेला डोकं टेकून ती गुडघ्यांवरच झोपली. सासूबाईंनी हलवून उठवलं तेव्हा मुलांची व्हॅन निघून गेली होती. आता अपराधात आणखी एकाची भर.

पुढच्या भेटीत मी बायबल उघडलंच नाही. विचारलं, "नीट प्रार्थना म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?"

"पप्पा." लगेच. राहुरीकडचं गाव, पहाटे चार, कंदील, सतरंजी. आधी स्तोत्र, मग मोठ्याने प्रार्थना, एकेका घराचं नाव घेऊन.

"आणि आई?"

ती बराच वेळ गप्प राहिली. आई चुलीपुढे असायची. पप्पांचं आमेन व्हायच्या आत चहा तयार हवा. डोक्यावर पदर, हात भाकरी थापताहेत, ओठ हलताहेत. "मला वाटायचं, ती भाकऱ्या मोजतेय."

पप्पांच्या एकांताला त्या चुलीचा टेकू होता. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका बापाची प्रार्थना आणि आईचा दिवस, दोन्ही एकदम पेलायला बघतात.

'खोलीत जा, दार लाव' हे मत्तय 6:6 मधलं वचन तिला टोचत होतं. तिथला ग्रीक शब्द 'तामेइऑन'. त्याचा मूळ अर्थ कोठीची, सामान साठवायची जागा. म्हणजे वेगळी, सजवलेली प्रार्थनेची खोली त्यात मुळीच सांगितलेली नाही. मग मी सुझाना वेस्लीचं सांगितलं. 18व्या शतकातलं इंग्लंड, 19 मुलं झाली, मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन आणि चार्ल्स तिचेच मुलगे. भरल्या घरात ती एप्रन डोक्यावर ओढून प्रार्थनेला बसायची, अशी आठवण सांगतात.

"म्हणजे पदरच की," ती म्हणाली.

नवा वेळ शोधायचा नाही असं ठरलं. दिवसातली कुठली मिनिटं आज कुणाच्याच नावावर नाहीत, एवढंच बघितलं. ती सापडली पार्किंगमध्ये. ड्यूटीवरून आली की ती स्कूटीवरच दहा मिनिटं मोबाइल चाळत बसते, कारण "वर गेलं की सुरू होतं ना सगळं." तीच जागा धरली. मोबाइल डिकीत, ओढणी डोक्यावर, बायबलमधलं स्तोत्र 131. तीनच वचनं आहेत. दूध तुटलेलं मूल आईजवळ निवांत असतं तसा माझा जीव, असं त्यात आहे. शब्द सुचले तर बोलायचं, नाहीतर नुसतं बसायचं. नाईटच्या आठवड्यात झालं नाही तर हिशेब ठेवायचा नाही.

महिन्याने आली. पहिल्या आठवड्यात वॉचमनने दोनदा विचारलं म्हणे, "मॅडम, बरं वाटत नाही का?" प्रभुभोजन मात्र तिने घेतलं होतं. फक्त एक अडचण होती. धाकटा आता खाली शोधायला येतो.

तेव्हा मी तेच मार्कचं पान पुन्हा काढलं, पण पस्तीसावर थांबले नाही. पुढच्याच दोन वचनांत शिमोन आणि सोबतचे येशूला हुडकत येतात आणि म्हणतात, सगळे तुमचा शोध करताहेत.

ती खळखळून हसली. "आमचा म्हणतो, मम्मी, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, आजी बोलावतेय."

"मग?"

"मग काय, आमेन म्हणते आणि वर जाते."