एअर फ्रायर पेटल्यावर : जुनं सॉकेट कुठे आहे?

तुमच्या पोस्टमधलं थोडक्यात : १५०० वॅटचा एअर फ्रायर, त्याच्या केबलला १६ अँपिअरचा टॉप (पिनांचा प्लग), मध्ये कन्व्हर्जन प्लग लावून तो ओट्यावरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये. धूर, ज्वाळा, ओला टॉवेल. संध्याकाळी वायरमनने नवं सॉकेट बसवलं आणि आता सर्व्हिस सेंटर म्हणतंय, मशीन आणून टाका. तुम्ही विचारताय, नवा टॉप लावून वापरू का?

त्याआधी माझा प्रश्न : जुनं सॉकेट आणि तो कन्व्हर्जन प्लग कुठे आहे? सोसायटीच्या कचऱ्यात गेला असेल तर आत्ता खाली जा. मेन पाडणं, गॅस बंद करणं, पाणी न मारणं हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. (ओला टॉवेल मात्र पुन्हा नको. मेन चालू असताना तेही पाणीच.)

आमच्याकडे सर्वांत महागात पडलं ते हेच, पुरावा हातचा घालवणं. जळकं सॉकेट वायरमनने पिशवीत घालून नेलं, मशीन तोंडी बोलण्यावर सर्व्हिस सेंटरला दिलं, आणि त्यांनी एका ओळीत ‘ग्राहकाच्या वायरिंगमधील दोष’ लिहून हात झटकले. खोडून काढायला हातात काही नव्हतं. दोष कदाचित वायरिंगचा असेलही. पण तो कुणी न बघताच ठरवला, राग त्याचा आहे.

खरं तर तो ठरवता येतो. पिना उजेडात धरून बघा. एकच पीन निळसर-काळी, तिच्या बुडाशी प्लास्टिक फुगलेलं, आणि शेजारची अजून पितळेसारखी पिवळी, तर तिथला संपर्क ढिला होता. मशीन बहुधा निर्दोष. सगळ्या पिना स्वच्छ आणि जळालंय ते आतून, तर भानगड मशीनमध्ये. मात्र आतमध्ये बटर पेपर होता का, तेही आठवा. रिकाम्या बास्केटमध्ये नुसता कागद ठेवून प्रीहीट केलं की पंखा तो उचलून वरच्या कॉइलला चिकटवतो. तसं पेटलं तर स्विच बंद करायचा आणि बास्केट ओढायची नाही. हवा मिळाली की भडकतं.

‘एमसीबी का नाही पडला?’ हा तुमचा दुसरा प्रश्न. एमसीबी म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच. १५०० भागिले २३० म्हणजे साडेसहा अँपिअर. १६ च्या एमसीबीला त्यात काहीच वावगं दिसत नाही. पण ढिल्या संपर्काचा रोध अर्धा ओहम जरी झाला, तरी साडेसहाचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे २१ वॅट उष्णता मोहरीएवढ्या जागेत. बारीक सोल्डरिंग आयर्न सॉकेटमध्ये खुपसून अर्धा तास ठेवल्यासारखंच ते. करंट जमिनीकडे गळत नाही, म्हणून अशी गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्विचही गप्प. माझ्या मते ते कन्व्हर्जन प्लग दुकानात विकायलाच नकोत, पण मिळतात सर्रास.

आता नवं सॉकेट. त्यामागची तार बघितली का? बहुतेक वायरमन काळी पडलेली तार तशीच स्क्रूखाली दाबतात. ऑक्साइड चढलेलं तांबं नीट पकडत नाही आणि काही महिन्यांत नवंही वितळतं. लखलखीत तांबं दिसेपर्यंत तार मागे कापायची, पीळ देऊन टोक दुमडायचं, स्क्रूखाली इन्सुलेशन अडकू द्यायचं नाही, शेवटी ओढून बघायचं. तार अपुरी पडली तर बोर्डात जोड नको, नवी ओढा. एअर फ्रायर, ओटीजी, मायक्रोवेव्हसाठी एमसीबीपासून वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लाइन आणि आयएसआय छापाचं १६ अँपिअरचं सॉकेट. पुण्यात पेठांतल्या जुन्या इमारतींत अजून अ‍ॅल्युमिनियम निघतं; तिथे नुसतं सॉकेट बदलणं म्हणजे फोडाला पावडर. माल तिथल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, मिळेल, पण बोर्ड उघडायचा तो परवानाधारक माणसानेच. मी लिहितोय ते तुम्ही शेजारी उभं राहून बघावं म्हणून.

मशीन देण्यापूर्वी सीरियल नंबर, पिना, जळलेली बाजू यांचे फोटो काढा. जॉबशीटवर ‘मूळ टॉप व केबलसह मिळाले’ असं लिहून घ्या, नाहीतर केबल कापून ‘टॉप नव्हताच’ म्हणायला मोकळे. तपासणी अहवाल लेखी मागा. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

घराचा विमा असेल तर एक मेख आहे. शॉर्ट सर्किटने स्वतः जळालेलं उपकरण अशा पॉलिसीत सहसा वगळलेलं असतं. त्यातून आग पसरून गेलेलं कपाट, फ्रिज, टाइल्स मात्र धरतात. म्हणून दाव्यात एअर फ्रायर पहिल्या ओळीत लिहू नका. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत पुसापुशी, रंगकाम नको. तुमची पॉलिसी तुम्हीच वाचा, मी विमावाला नाही.

काजळीबद्दल एवढंच : पीव्हीसीच्या धुरात आम्ल असतं. फ्रिजमागे, मिक्सरच्या जाळीत बसलेली काजळी आधी कोरडी काढा. ओल्या फडक्याने पुसलीत तर आम्ल धातूत मुरतं आणि पुढे गंज धरतो.

अग्निशामक घ्यायचाच तर दोन किलोचा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा. एबीसी पावडर स्वस्त आणि चालतेही, पण नंतर ती प्रत्येक उपकरणातून काढत बसाल. टांगायचा दाराशी, गॅसच्या डोक्यावर नाही.

नव्या टॉपचं उत्तर पिना बघितल्याशिवाय देता येत नाही. जुनं सॉकेट सापडलं तर मागच्या बाजूचा फोटो टाका, स्क्रू दिसतील असा.