चालू व्हर्च्युअल मशीनला जोडलेली रॅम आधी दिसत नव्हती, आता काढता येत नाही. असं का होतं?

तुम्ही म्हणता की चालू लिनक्स मशीनला 8 जीबी रॅम जोडली, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये तशी नोंदही आली, पण रॅमचा हिशोब दाखवणारी 'फ्री' कमांड जुनाच आकडा दाखवत राहिली. मग कुठूनतरी मिळालेली स्क्रिप्ट चालवली आणि रॅम दिसू लागली. आता आठवड्याने ती काढायला गेलात तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' येतंय. पहिल्या अडचणीचं मूळ रॅम जोडण्याच्या पद्धतीत आहे, दुसरीचं त्या स्क्रिप्टमध्ये.

रॅम जोडणं ही दोन टप्प्यांची गोष्ट आहे. पहिल्या टप्प्यात कर्नलला नवा पत्ता कळतो आणि तो प्रत्येक 4 केबी पेजसाठी, म्हणजे रॅमच्या छोट्या तुकड्यासाठी, 64 बाइटची एक नोंद तयार करतो. म्हणजे पोतं दारात आलं, कणगीत ओतलेलं नाही. रॅमचा ब्लॉक, म्हणजे अनेक पेजेसचा मोठा तुकडा, 'ऑनलाइन' (वापरासाठी खुला) केला की मगच त्यातली पेजेस बडी अ‍ॅलोकेटरच्या, म्हणजे कर्नलमधल्या रॅम वाटणाऱ्या भागाच्या, ताब्यात जातात, आणि 'फ्री' तेवढंच मोजते. ब्लॉक 128 एमबीचा असेल तर तुमच्या 8 जीबीचे 64 ब्लॉक होतात. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) प्रत्येकाची वेगळी 'स्टेट' फाइल दिसेल. (त्या नोंदींनाच 8 जीबीमागे 128 एमबी लागते, आणि वेगळी सोय केली नसेल तर ती जुन्या रॅममधून जाते. म्हणून मशीन अगदी गुदमरल्यावर रॅम जोडायला जाऊ नका. त्याआधीच जोडा.)

तुमच्या स्क्रिप्टने प्रत्येक 'स्टेट' फाइलमध्ये नुसतं 'ऑनलाइन' लिहिलं असणार. त्याने रॅम सहसा नॉर्मल झोनमध्ये (कर्नल रॅमचे जे विभाग करतो त्यातल्या सर्वसाधारण विभागात) जाते, आणि तिथे कर्नल स्वतःसाठीही पेजेस घेतो. एखाद्या प्रोसेसचं पेज हलवणं सोपं असतं: मजकूर दुसरीकडे कॉपी करायचा आणि पेज टेबलातला (कुठलं पेज कुठे आहे याच्या तक्त्यातला) पत्ता बदलायचा, प्रोसेसला पत्ताही लागत नाही. कर्नलचं स्वतःचं तसं नाही. त्याचे पॉइंटर थेट त्या भौतिक जागेशी बांधलेले असतात आणि ते कुठेकुठे साठवलेत याची यादी कोणाकडेच नसते. म्हणून पेज टेबल किंवा स्लॅबचं (कर्नलच्या स्वतःच्या छोट्या वस्तूंच्या साठ्याचं) एकच 4 केबी पेज अख्खा 128 एमबीचा ब्लॉक अडवून धरतं.

मीही यात एक रात्र घालवली आहे. ब्लॉक एकामागून एक ऑफलाइन होत होते आणि शेवटचे दोन काही केल्या हलेनात. तेव्हा कर्नलचा लॉग उघडला, तर तिथे स्वच्छ लिहिलं होतं: 'पेज डम्प्ड बिकॉज: अनमूव्हेबल पेज', आणि फ्लॅगमध्ये 'स्लॅब'. तुम्हीही आधी हेच पाहा. 'रिमूव्हेबल' नावाच्या फाइलवर मात्र विसंबू नका. आजकाल ती फक्त कर्नलला ऑफलाइन करणं येतं का एवढंच सांगते, त्या ब्लॉकबद्दल काहीच सांगत नाही.

काढता येण्यासारखी रॅम हवी असेल तर ऑनलाइन करतानाच 'ऑनलाइन अंडरस्कोर मूव्हेबल' लिहायचं. मग ती मूव्हेबल झोनमध्ये जाते, जिथे कर्नल हलवता येतील अशीच पेजेस ठेवतो. हा झोन मेल गॉर्मन यांनी 2007 मध्ये 2.6.23 आवृत्तीत आणला.

पण म्हणून सगळीच रॅम मूव्हेबल करून टाकू नका, ही चूक जास्त महागात पडते. समजा मूळ मशीन 4 जीबीचं आहे, वर 60 जीबी मूव्हेबल जोडली आणि त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालतोय. 32 जीबीचा शेअर्ड बफर (त्याच्या सगळ्या प्रोसेसेसची सामायिक रॅम) 4 केबीच्या पेजांनी मॅप केला तर एका प्रोसेसने तो पूर्ण फिरेपर्यंत 64 एमबीचं पेज टेबल तयार होतं. अशी 100 कनेक्शन असली की सव्वासहा जीबी. ही पेज टेबलं मूव्हेबल झोनमध्ये बसूच शकत नाहीत. मग 'फ्री' कितीतरी जीबी रिकामी दाखवत असताना कर्नल प्रोसेस मारायला लागतो, आणि बघणाऱ्याला काही उमजत नाही. कर्नलच्या दस्तऐवजात कर्नलला स्वतःसाठी वापरता येणाऱ्या रॅमच्या एका भागाला मूव्हेबलचे तीन, फार तर चार भाग, असं प्रमाण दिलं आहे. 5.15 पासून 'ऑटो-मूव्हेबल' हे धोरण निवडलं तर कर्नल हे प्रमाण स्वतःच सांभाळतो.

तुमच्यापुरतं: आधी कॅश रिकामी करा, मग ब्लॉक एकेक करून पुन्हा ऑफलाइन करून बघा. जे निघतील ते काढून टाका. अडलेल्यांसाठी मशीन रीबूट करावं लागेल, दुसरा मार्ग नाही. रीबूटच्या आधी कर्नलच्या बूट ओळीत नव्या रॅमची डीफॉल्ट स्थिती मूव्हेबल करा आणि ती स्क्रिप्ट सुरुवातीला आपोआप चालत असेल तर बंद करा. तरीही अडलं, तर अडलेल्या ब्लॉकच्या 'व्हॅलिड झोन्स' फाइलमध्ये काय लिहिलंय ते आणि लॉगमधल्या त्या दोन-चार ओळी इथे टाका, मी बघतो.