सिम्युलेटरमध्ये ७३७ उडवताना खऱ्या एअरलाइनची चेकलिस्ट वापरावी का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. घरच्या सिम्युलेटरवर खऱ्या एअरलाइनची चेकलिस्ट वापरावी का, आणि ती हातात धरूनही बोइंगच्या ७३७ या प्रवासी विमानाची इंजिनं सुरू व्हायला तास का लागतो? पहिलीचं उत्तर हो, बिनधास्त वापरा. दुसरीला जरा वेळ लागेल, कारण घोळ कागदात नाही, तुम्ही तो कागद कधी वाचता त्यात आहे.

मी पायलट नाही, हे आधीच सांगतो. गोंदिया जिल्ह्यात एका राइस मिलमध्ये मशीन चालवतो आणि रात्री घरी एक्स-प्लेन या सिम्युलेटरवर झिबो नावाच्या हौशी माणसानं बनवलेलं, फुकट मिळणारं ७३७-८०० उडवतो. बिरसीचा विमानतळ आमच्या गावापासून लांब नाही. तिथे पायलट तयार करणारी संस्था आहे, तिची डायमंड कंपनीची लहान विमानं धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालत असतात. रोवणीच्या बाया आता मानही वर करत नाहीत. मी अजून करतो.

तुमच्या हातात दीडशे ओळींचा जो कागद आहे, ती चेकलिस्ट नव्हे. बॅटरी चालू करा, एपीयू (शेपटीतलं वीज आणि हवा देणारं छोटं इंजिन) सुरू करा, हा पंप लावा, तो दिवा बघा, असं सगळं ओळीनं लिहिलेली ती प्रोसिजर आहे. नवीन माणूस ती एकेक ओळ वाचतो, मग माउसनं तो स्विच शोधत फिरतो, सापडला की परत कागदावर येतो आणि कुठपर्यंत आलो होतो तेच विसरतो. तास तिथेच जातो.

खऱ्या कॉकपिटमध्ये पायलट आधी पाठ केलेल्या वाटेनं हात फिरवतो. ७३७मध्ये डोक्यावरचं पॅनल एकेका उभ्या रांगेनं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, मग समोरचं पॅनल, मग दोन खुर्च्यांमधला चौथरा. याला ते फ्लो म्हणतात. सगळं करून झालं की मगच चेकलिस्ट निघते. एक जण वाचतो, दुसरा त्या वस्तूकडे बघून उत्तर देतो. म्हणजे ती पाककृती नाही. स्वयंपाक झाल्यावर मीठ पडलं की नाही ते चाखून बघणं आहे.

म्हणून ती इतकी लहान असते. बोइंगची ७३७ची टेकऑफच्या आधीची यादी घ्या. दोनच ओळी: फ्लॅप (कमी वेगातही विमान उचलून धरणाऱ्या, पंखांमागच्या झडपा) किती आणि हिरवा दिवा लागला का, आणि स्टॅबिलायझर ट्रिम (शेपटीच्या आडव्या पंखाचा कल) किती युनिटवर. उतरण्याआधीची चार ओळींची: इंजिन स्टार्ट स्विच कंटिन्यूअसवर (म्हणजे ठिणगी सतत चालू), स्पीडब्रेक (पंखांवरच्या वेग कमी करणाऱ्या फळ्या) आर्म, म्हणजे तयारीत, चाकं खाली, फ्लॅप आणि हिरवा दिवा. एअरलाइनवाले आपापल्या एखाद-दोन ओळी घालतात, पण हाडं हीच. बाकीची पन्नास कामं फ्लोमध्ये उरकलेली असतात. यादीत उरतं ते, जे राहून गेलं तर निस्तरता येत नाही.

मला हे विमानापेक्षा मिलमुळे लवकर कळलं असं वाटतं. आमच्याकडे मशीन सुरू करायची ती शेवटून. आधी तयार तांदळाचा एलिव्हेटर, मग पॉलिशर, मग सेपरेटर, मग शेलर, आणि सगळ्यात शेवटी धान सोडायचं. उलटं केलं तर पुढची मशीन बंद असताना मागून माल येत राहतो आणि एलिव्हेटर चोक होतो. हे भिंतीवर कुठेच लिहिलेलं नाही, हाताला पाठ आहे. तरी एका सकाळी ब्लोअरचा स्विच माझ्याकडून राहिला. फ्लो माझा होता, तपासणारं कुणी नव्हतं. अर्धा दिवस आम्ही कोंडा उपसत होतो, आणि मुकादम जे बोलला ते इथे लिहिता येत नाही.

आता दुसऱ्या माणसाचं. सिम्युलेटरवाल्याची खरी अडचण हीच, की कॉकपिट दोघांचं आणि खुर्चीत आपण एकटे. आपणच विचारायचं, आपणच उत्तर द्यायचं. मी माझ्या भाचीला बसवली. आठवीत आहे, विमानात तिला काडीचा रस नाही, पण इंग्रजी वाचायचा सराव होतो म्हणून तिच्या आईनं परवानगी दिली. पहिल्याच रात्री तिनं वाचलं, "फ्लॅप्स?" मी म्हटलं, "पाच, हिरवा दिवा." ती पुढे वाचेना.

"काय झालं?"

"मामाजी, तुमी पायलं कुठं? तुमी तं माह्या तोंडाकडं पाहून सांगतलं."

खरं होतं. फ्लॅप पाचवरच होते, पण मी ते बघून बोललो नव्हतो, सवयीनं बोललो होतो. तेव्हापासून आमचा नियम असा: उत्तर देताना त्या वस्तूवर माउसचं टोक न्यायचं, आणि ते तिला दिसलं तरच ती पुढची ओळ वाचणार. खरे पायलटही बोट दाखवून, हात लावून उत्तर देतात. तुमच्या घरी कुणी तयार नसेल तर स्वतःच्या आवाजात यादी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दोन ओळींच्या मध्ये थोडी जागा सोडा. मनातल्या मनात वाचलेली यादी डोळ्यांखालून सटकते.

यात मी जरा जास्तच कडक वाटत असेन, तर मागचा इतिहास बघा. १९३५ साली ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत डेटनच्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर चाचणीसाठी उडालं, वर चढलं आणि कोसळलं. चालवणारे कसलेले होते. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्यानं शेपटीचे पडदे हलू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहिलं होतं. विमानातली छापील चेकलिस्ट रुळली ती त्यानंतर.

१६ ऑगस्ट १९८७ला अमेरिकेत डेट्रॉइटहून नॉर्थवेस्ट एअरलाइनचं फ्लाइट २५५, एमडी-८२ जातीचं विमान, फ्लॅप न काढताच धावलं आणि कोसळलं. टॅक्सीची, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे जातानाची, चेकलिस्ट झालीच नव्हती, आणि धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेला वीजच मिळत नव्हती. विमानातली एक चार वर्षांची मुलगी तेवढी वाचली.

मला सगळ्यात जास्त छळतो तो २००५च्या ऑगस्टमधला हेलिओस या सायप्रसच्या एअरलाइनचा ७३७. आदल्या तपासणीत केबिनच्या हवेच्या दाबाचा स्विच मॅन्युअलवर ठेवला गेला आणि तसाच राहिला. तो ऑटोवर आहे का, ही ओळ ७३७च्या प्रीफ्लाइट यादीत आहे. वर गेल्यावर भोंगा वाजला, पण तोच भोंगा जमिनीवर टेकऑफची मांडणी चुकली की वाजतो, त्यामुळे वैमानिकांना त्याचा अर्थच लागला नाही. आतली हवा विरळ होत गेली, ते बेशुद्ध पडले, ग्रीसमध्ये विमान पडलं, १२१ माणसं गेली. तुम्ही सिम्युलेटरमध्ये हे मुद्दाम करून बघा. स्विच मॅन्युअलवर ठेवा, वर चढा आणि केबिनच्या उंचीचा काटा (आतली हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ झाली ते दाखवणारा) पाहत बसा. भाचीला दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसली.

कागद कुठला घ्यायचा? इथे लोक घसरतात. इंटरनेटवर अमक्या एअरलाइनची म्हणून फिरणारी यादी बहुधा जुनी असते, आणि कधी कधी दुसऱ्याच पिढीच्या विमानाची. ७३७च्या क्लासिक (७३७-३०० त्यातलं), एनजी (७३७-८०० त्यातलं) आणि मॅक्स या पिढ्यांची पॅनलं एकसारखी नाहीत. ७३७-३००ची यादी घेऊन ७३७-८००मध्ये बसलात तर नसलेला स्विच शोधत बसाल. म्हणून आधी तुमच्या विमानासोबत आलेली यादी घ्या. झिबोमध्ये ती विमानातच आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी फ्लायबायवायर या गटानं बनवलेल्या एअरबस ए३२० निओमध्ये ती कॉकपिटमधल्या टॅबलेटवर आहे. ती हातात बसली की मग एअरलाइनची घ्या, आणि दोन्ही शेजारी ठेवून कुठे फरक आहे त्यावर पेनानं खूण करा. जे तुमच्या सिम्युलेटरमध्ये हलतच नाही, ती ओळ सरळ खोडा. खोटं "चेक्ड" म्हणायची सवय लागली की सगळी यादी बिनकामाची.

दुसऱ्याचे आकडेही उचलू नका. यादीत जिथे रिकामी जागा सोडलेली असते तिथला आकडा आजचा असतो. मे महिन्यात खरं हवामान लावून नागपूरच्या १४ धावपट्टीवरून निघून बघा. तिथला सोनेगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर, धावपट्टी ३२०० मीटर, आणि बाहेर ४५ अंश. हवा इतकी विरळ की विमानाच्या लेखी तुम्ही पाच हजार फुटांच्या आसपास बसलेले असता. इंजिनाची ताकद कमी, धाव लांब. डिसेंबरात काढलेला वेगाचा आकडा त्या दुपारी चालत नाही. मी एकदा जुनाच कागद वापरला, विमान उठलं, पण धावपट्टीचं टोक नको तितकं जवळून पाहिलं.

बिघाडांच्या यादीबद्दल थोडक्यात: ती उलट चालते, वाचायचं आणि करायचं. फक्त अगदी पहिल्या दोन-चार कृती तोंडपाठ लागतात. केबिनचा भोंगा वाजला की आधी ऑक्सिजन मास्क, पुस्तक नंतर. सुरुवातीला त्यात पडू नका.

तुमचा तास कमी करायचा तर सुरुवात उलटीकडून करा. पहिला आठवडा बंद विमान उघडूच नका. इंजिनं सुरू असलेलं विमान धावपट्टीवर घ्या आणि फक्त टेकऑफच्या व उतरण्याच्या याद्या करा. मग टॅक्सी, मग इंजिन सुरू करणं, आणि शेवटी अंधारं, थंड कॉकपिट. एक्स-प्लेनमध्ये कॅमेऱ्याच्या जागा नंबरपॅडच्या कळांवर साठवता येतात. त्या फ्लोच्या क्रमानं साठवा, म्हणजे माउस घेऊन छतभर फिरावं लागणार नाही. माझा अर्धा वेळ एवढ्यानंच वाचला.

आणि कॉम्प्युटरशिवाय सराव करा. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. मी कॉकपिटचं चित्र चार कागदांवर छापून पुठ्ठ्यावर चिकटवलं आहे. लाइट गेली की ते तांदळाच्या कट्ट्याला टेकवून प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो आणि टॉर्चच्या उजेडात बोट फिरवतो. आई म्हणते, पोरगा येडा झाला. शिकाऊ पायलटही हेच करतात, हे तिला पटत नाही.

आता मला तास लागत नाही, पंचवीस मिनिटं लागतात. मध्ये कुणी जेवायला हाक मारली तर जास्त, कारण यादी अर्ध्यात सुटली की परत आल्यावर पहिल्या ओळीपासून. "अर्धी तं झाली होती नं," असं भाची दर वेळी कुरकुरते, आणि पहिली ओळ वाचते.