वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीला नवे कार्पेट

प्रश्न : १९६० च्या दशकातल्या चारदारी गाडीसाठी साच्यात घडवलेले तयार कार्पेट मागवले. खोक्यातून काढले तर घड्याच घड्या. गिअरच्या टनेलवर (तळाच्या मधोमधच्या उंचवट्यावर) बसत नाही आणि दोन्ही दारांकडे तीन-चार बोटे जास्त येते. कापून बसवावे का?

उत्तर : कात्री इतक्यात नको. ते जास्तीचे कापड कारखान्याने मुद्दाम ठेवलेले असते, आणि आकार नीट बसला की त्यातले निम्मे आपोआप खोलगट भागात उतरते. आज कापलेत तर उद्या दाराशी पत्रा उघडा पडेल.

आधी घड्या घालवा. कार्पेट कडक उन्हात किंवा गरम खोलीत दिवसभर पसरून ठेवा. उरलेल्या घड्यांना मागच्या बाजूने वाफ द्या. हीट गन वापरायची असेल तर तीही मागूनच, आणि हात सतत हलता ठेवून. पुढून जवळ धरली तर नायलॉनची लव वितळून चकचकीत डाग पडतो, तो पुन्हा जात नाही.

बसवताना मागचा तुकडा आधी, पुढचा नंतर. पुढच्याची कड मागच्यावर, पुढच्या सीटखाली झाकली जाईल अशी यावी. टनेलच्या मध्यावर खडूने रेघ मारा, कार्पेटच्या मागेही मध्य काढा आणि दोन्ही जुळवा. मग टनेलवरून खाली, पायाच्या खळग्यात आणि शेवटी दारांकडे असे हाताने दाबत जा. खळग्याच्या कोपऱ्यात कार्पेट ताणून पुलासारखे राहिले असेल तर तेथे गरम करा, वाळूची पिशवी ठेवा आणि पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका. कार्पेटच्या पाठीचा थर गार होतानाच आकार धरतो. कोमट असताना सोडला की तो पुन्हा वर येतो.

आता भोके. सीट आणि सीटबेल्टच्या पट्ट्याच्या बोल्टची जागा वरून चाचपडत शोधण्यापेक्षा गाडीखालून बोल्टच्या भोकातून आरी वर घाला. टोक जेथे बाहेर येईल तेथे खडूची खूण. कृत्रिम धाग्याच्या कार्पेटाला सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकाने भोक पाडा, म्हणजे कड वितळून बंद होते. धूर वाईट असतो, दारे उघडी ठेवा. लोकरीचे कार्पेट वितळत नाही. त्याला पंच वापरा आणि मागून कडेला लॅटेक्स गोंद फिरवा.

ड्रिल मात्र लावू नका. लूपच्या, म्हणजे न कापलेल्या फासांच्या धाग्याच्या, कार्पेटात बिटाला एक धागा अडकला की तो बिटाभोवती गुंडाळत जातो आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत भोकापासून दारापर्यंतची अख्खी ओळ उसवते. खालचा पाया उघडा पडतो आणि ती रेघ लपवता येत नाही. दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्टीचे स्क्रूही हाच खेळ करतात, म्हणून त्यांच्यासाठीही आधी जाळून भोक करावे.

दाराकडची कड सगळ्यात शेवटी कापायची, तीही दाराचे रबर जागेवर बसवून. उंबऱ्याच्या पट्टीच्या स्क्रूंच्या ओळीपलीकडे निदान १ सेंमी कापड राहू द्या. पट्टीच्या कडेबरोबर कापलेले कार्पेट काही दिवस छान दिसते, मग पायाच्या घासण्याने आत सरकते.

प्रश्न : आवाज कमी व्हावा म्हणून संपूर्ण तळाला ब्युटाइल शीटचे (चिकट रबरी पत्र्याचे) दोन थर आणि वर १० मिमी फोम घालायचा विचार आहे. ठीक होईल का?

उत्तर : वजन वाढेल, आवाज मात्र त्या प्रमाणात कमी होणार नाही. ब्युटाइल शीटचे काम पत्र्याची थरथर मारणे, आवाज अडवणे नव्हे. बोटाच्या पेराने पत्रा ठोकून पाहा. जेथे टणत्कार येतो तेथे, म्हणजे सपाट भागाच्या मधोमध, पाव ते अर्धा भाग झाकला तरी बहुतेक थरथर जाते. पत्र्यातच घड्या दाबलेल्या असतात तो भाग मुळातच ताठ असतो, तो सोडून द्या. पत्रा स्पिरिटने पुसून घ्या आणि शीट रोलरने इतकी दाबा की वरची नक्षी सपाट होईल. एक्झॉस्टजवळ स्वस्त डांबरी शीट लावू नये. ती उष्णतेने मऊ पडते आणि गाडीत वास भरतो.

वरच्या थरासाठी ५-६ मिमी पुरे. जूटचे नमदे अनेक गाड्यांत मुळापासून असत. ते आवाज छान शोषतात, वळणावरही बसतात, पण पाणीही तितकेच पितात. गाडी पावसात निघणार असेल तर बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, फोम बरा. मात्र त्याखाली गेलेले पाणीही अडकूनच राहते, म्हणून तो सगळीकडे चिकटवू नका आणि तळातली रबरी बुचे झाकू नका.

सीटचे रूळ आणि पट्ट्याचे बोल्ट यांच्याखालून फोम कापून काढा. फोम दबत जातो, घट्ट केलेला बोल्ट सैल पडतो. लांब बोल्ट घालणे हा त्यावरचा उपाय नाही. पट्ट्याचा बोल्ट पत्र्याशी धातूला धातू लागूनच आवळला गेला पाहिजे. पुष्कळ गाड्यांत तो ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा असतो. तेथे मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ बोल्ट चालत नाही.

१० मिमी थराचा आणखी एक घोळ : तो अ‍ॅक्सिलरेटरची चाल खातो. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबावे, दुसऱ्याने कार्बोरेटरचे थ्रॉटल पूर्ण उघडते का ते पाहावे. पाय काढताच पेडल झटकन वर आले पाहिजे. कार्पेटची कड त्याला जरा जरी टेकत असेल तर ती आताच कापा. क्लच आणि ब्रेकचेही असेच तपासा.

प्रश्न : तुकड्यातुकड्यांचा शिवलेला सेट आहे. टनेलवरचा तुकडा दर उन्हाळ्यात सुटतो.

उत्तर : बहुधा साधा स्प्रे गोंद वापरला आहे. टनेलखाली गिअरबॉक्स आणि एक्झॉस्ट असतो, त्या उष्णतेत तो मऊ पडतो. जास्त तापमान सोसणारे काँटॅक्ट अ‍ॅढेसिव्ह घ्या. पत्र्याला आणि कार्पेटाच्या पाठीला, दोन्हीकडे पातळ थर द्या. बोट लावल्यावर चिकट वाटेल पण बोटाला लागणार नाही, इतपत सुकू द्या. यालाच बहुतेक वेळा १०-१५ मिनिटे जातात आणि घाई होते ती येथेच. ओला असताना चिकटवला तर द्रावक आत कोंडतो आणि पकड येत नाही. जाड थर दिला तर गोंद पातळ कार्पेटातून झिरपून पुढे येतो. दारे उघडी ठेवा, मास्क लावा आणि बॅटरीची तार काढून ठेवा.

पायाखालचे सपाट तुकडे चिकटवूच नयेत. त्यांना रेक्झिनचा गोट आणि टिचबटणे पुरतात. भिजले तर काढून वाळवता येतात.

प्रश्न : कापड कापून घरीच तुकडे करायचे आहेत. जुने कार्पेट पार फाटले आहे, टाकून देऊ का?

उत्तर : सगळे काम संपेपर्यंत नाही. त्याच्या चिंध्याच तुमचा नमुना. ब्राउन पेपरवर ठेवून आखा, प्रत्येक कागदावर ‘पुढे’चा बाण काढा आणि सगळे बाण कापडाच्या लवीच्या एकाच दिशेला ठेवा. एखादा तुकडा उलटा कापला गेला तर रंग तोच असूनही तो वेगळ्या छटेचा दिसतो.

प्रश्न : नवे कार्पेट बसवून महिना झाला. पुढे, हीटरच्या बाजूला ओले लागते आणि कुबट वास येतो.

उत्तर : कार्पेट उचला आणि पाणी बोटावर घेऊन पाहा. चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचे असेल तर तो कूलंट, म्हणजे हीटरची कॉइल किंवा तिचा होज गळतो आहे. जिभेला लावू नका, तो विषारी असतो. स्वच्छ पाणी फक्त पावसानंतर किंवा धुतल्यानंतर येत असेल तर पुढच्या काचेचे रबर आणि काचेखालच्या जाळीची मोरी पाहा. मोरी सुक्या पानांनी तुंबली की पाणी आत वाट शोधते. चालकाच्या बाजूला पेडलवरून तेलकट ओघळ येत असेल आणि त्याखालचा रंग फुगून सुटत असेल तर ते ब्रेक फ्लुइड. मास्टर सिलिंडरचे सील गेले आहे. तशी गाडी दुरुस्तीपर्यंत चालवू नका.

खरे तर ही तपासणी कार्पेटच्या आधीची. तळ उघडा असताना एकाने बाहेरून पाइपने दहा मिनिटे पाणी मारावे आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसावे. आता नाइलाज आहे. कार्पेट आणि अंडरले (त्याखालचा जूटचा किंवा फोमचा थर) दोन्ही बाहेर काढून वेगवेगळे वाळवा. पत्र्यावर गंज दिसला तर घासून, इपॉक्सी प्रायमर देऊन, सांध्यांत सीलर भरून तो पूर्ण सुकू द्या. जूट भिजले असेल तर ते बदलाच. वरून कोरडे लागले तरी त्याच्या पोटात ओल राहते.